बाबांचे ओले पाय

माय,

घर झालं. वाशीमला, स्टँडपासून थोडं आत. तू गेलीस तेव्हा मी बारावीत होते, आता माझी पोरगी बारावीत आहे. तू हे घर पाहिलं नाहीस, म्हणून सांगते. सगळं मी माझ्या पसंतीनं केलं. तुझे जावई रोज मोटरसायकलनं मंगरूळपीरच्या ऑफिसात जातात, मी सकाळची शाळा गाठते, पोरं ट्यूशनला पळतात; झाडायला-पुसायला वेळ कोणाला आहे? म्हणून जे घेतलं ते दिसायला झकास आणि वापरायला दणकट. सोफ्याची कव्हरं मशीनमध्ये धुता येतात, भिंतींना पुसता येणारा रंग आहे, आणि हॉलमध्ये पांढरीशुभ्र, चकचकीत फरशी. दुकानदार म्हणाला, हळद सांडली तरी एका फडक्यात साफ. मी त्याला डाग विचारले, ओरखडे विचारले, टवके उडतील का तेही विचारलं. त्यावर म्हातारं माणूस कसं चालेल, हे काही मला सुचलं नाही.

आपल्या गावच्या घरातली जमीन तू सारवायचीस, कोपरापर्यंत हात शेणानं भरलेले. बाबा वावरातून येतायत, पायाला काळी माती, आणि तू दारात पाण्याचा गडवा ठेवलेला. एकदा भुकेच्या तिरमिरीत ते तसेच आत शिरले. तू तव्यावरची भाकर तशीच सोडून उठलीस. "पाय धुतल्याबिगर घरात यायचं नाही. हे घर हाय का गोठा?" एवढा तापट माणूस, पण मुकाट्यानं मागं फिरला. पाय धुऊन सारवणावरून चुलीपर्यंत आले, तोवर पाय कोरडेही झाले. तुझ्यामागं त्यांनी कोणाचं म्हणून ऐकलं नाही. माझ्या हातापाया पडण्यानं विडीसुद्धा सुटली नाही. ही एक सवय मात्र त्यांनी जिवापाड धरून ठेवली.

यंदा सोयाबीन निघाल्यावर मी भांडून त्यांना इथं आणलं. आता एकटं राहायचं नाही म्हटलं. पण वावर सुटतं का? एक दिवस ते गावाला चक्कर मारून बसनं परत आले, बाहेरच्या नळावर घासून घासून पाय धुतले आणि ओल्या पायांनी आत आले. मी चहा ठेवत होते. आवाज ऐकून धावले तर बाबा हॉलमध्ये पडलेले. खुबा मोडला. अकोल्याला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात, चाललेच नाहीत तर कायमचे अंथरुणाला खिळतील. आणि बाबा हॉलमध्ये पाऊल टाकायला तयार नाहीत. वॉकर हातात देते, खोलीच्या दारापर्यंत येतात, फरशीकडे बघतात आणि मागं फिरतात. भीती म्हणजे काय ते मी बाबांच्या तोंडावर पहिल्यांदा पाहिलं. सतरंजी टाकली, ती सरकते. दुकानदाराशी जाऊन भांडले, तर तो म्हणतो, फरशीला काही झालं का ताई? काहीच झालं नाही गं. साधा ओरखडा नाही.

शेवटी फरशी उखडून खरबरीत टाकायची म्हणून मिस्त्रीला बोलावलं. तो मापं घेत असताना बाबांनी आतून हाक मारली.

"कायले फोडून राह्यली बाई? चांगली चकाचक हाय. नको फोडू. मले गावाले नेऊन टाक, मी तिथं चालीन."

तिथं त्यांना उठवून बसवायला कोणी नाही. हे त्यांनाही माहीत आहे. मी खूप रागावले त्यांच्यावर, नको ते बोलले, मग दोघंही रडलो. मिस्त्री सोमवारी येतोय. फरशी निघणार, हे ठरलंय.

पण माय, "नको फोडू" म्हणाले ना ते, तेव्हा आधी मला हायसं वाटलं. फरशी वाचली म्हणून. बाबांचं काय, हे त्यानंतर मनात आलं. थोडंसंच नंतर, पण नंतरच. घरात कोणाला हे कळलं नाही, आणि तू असतीस तर तुलाही मी सांगितलं नसतं.