चोरी झाली, एवढे लेखी मिळणेबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
सुखछाया जनरल इन्शुरन्स,
शाखा डहाणू रोड.

विषय: भाड्याच्या खोलीतून गेलेल्या चांदीच्या सरीचा दावा नामंजूर राहिला तरी चालेल, पत्रातील एक वाक्य बदलून मिळणेबाबत.
संदर्भ: आपले नामंजुरीचे पत्र, दि. २ जून २०२५.

महोदय,

मी जयवंती सुदाम भोये, मसोली येथे भाड्याच्या खोलीत राहते व फुग्याच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. अर्ज करण्याचे कारण की, माझ्या सासूबाई कै. बायजी यांनी जाताना त्यांची चांदीची सरी माझ्या हवाली केली. आमच्या रानशेतच्या पाड्यात लग्न कोणाचेही असो, नवरीच्या गळ्यात तीच सरी पडते आणि हळद फिटली की फडक्यात बांधून, सोबत पायलीभर नागली देऊन घरी परत येते. इतकी वर्षे ती या घरातून त्या घरात फिरली. तिला ना कुलूप होते ना विमा, आणि ती कधी हरवली नाही.

२. इथे खोली भाड्याची, एक चावी मालकाकडे, म्हणून मी शहाणपणा करून आपल्याकडे विमा उतरवला. आपले एजंट चिमणभाई यांनी बजावले, "बेन, सरी कपाटातच राहू दे. बाहेर गेली तर विमा नाही." मी ती खूणगाठ बांधली. मे महिन्यात धाकटे दीर उमेश त्यांच्या मुलीच्या, प्राजक्ताच्या लग्नासाठी सरी न्यायला आले, तेव्हा मी त्यांना पॉलिसीची अट वाचून दाखवली व रिकाम्या हाताने परत पाठवले. पोर तशीच मांडवात उभी राहिली.

३. त्याच लग्नाला आम्ही नवरा-बायको रानशेतला गेलो असता इकडे कपाटातून सरी गेली. लग्नात दिली असती तर वाचली असती, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

४. आपल्या साहेबांनी येऊन पाहणी केली. दाराचे कुलूप तुटलेले नाही, ही पहिली हरकत. कुलूप चावीनेही उघडते, असे मी त्यांना नम्रपणे सांगितले. सरीचे बिल नाही, ही दुसरी. सरी जुने चांदीचे कलदार रुपये आटवून घडवलेली, आणि तो सोनारही आता हयात नाही. फोटो जमवले ते सगळे दुसऱ्या बायकांच्या गळ्यातले निघाले, म्हणून मालकी माझी दिसत नाही असे ठरले. मग त्या बायकांचे जबाब मागितले. चुलत जाऊ ठकी म्हणाली, "सरी मी घातलेली, ता खरा. पण चोरीस गेली, ता मी कसा सांगू?" तिला मी दोष देत नाही.

५. आता मुख्य तक्रार. आपल्या पत्रात "चोरी झाल्याचे सिद्ध होत नाही" असे वाक्य आहे. माझेही नुकसान झाले हे दाखवावे म्हणून ते पत्र मीच पाड्यात नेले. उमेश यांनी ते सर्वांसमोर वाचले. कंपनीच म्हणते चोरी झाली नाही, म्हणजे वहिनीनेच सरी दाबली, असा निकाल लागला. तेव्हापासून तिथे आम्हाला कोणी पाणीही विचारत नाही. परवा जेवताना खुद्द माझ्या नवऱ्याने मला विचारले, खरोखर गेली ना? साहेब, त्या घासानंतर मला जेवण गेले नाही.

६. तरी विनंती की, मला रक्कम नको. "चोरी झाली" एवढेच शिक्क्यानिशी लिहून द्यावे. असे लिहून देण्याची पद्धत नाही, हे मला खिडकीवर कळले आहे. विम्याचे नूतनीकरण करा, असा निरोप मात्र वेळेवर आला. या अर्जाने काही होईल असे मला वाटत नाही. तरीही झालेच, तर उत्तर माझ्या पत्त्यावर पाठवू नये. थेट उमेश भोये, रानशेत, यांना टपालाने पाठवावे. माझ्या हातून गेलेला कागद तिथे आता कोणी खरा धरत नाही.

आपली नम्र विमाधारक,
जयवंती सुदाम भोये
मसोली, दि. १२ जून २०२५

सोबत: पोलीस तक्रारीची प्रत. आपले मूळ पत्र जोडता येत नाही, ते उमेश यांनी परत दिलेले नाही.