अर्ध्या माशाचं पत्र

तीर्थरूप भाऊजींस,

लांबूनच वाकून नमस्कार. (गुडघा साथ देत नाही, त्यामुळे जमेल तेवढाच वाकलो आहे, उरलेला प्रत्यक्ष भेटीत.) आपली कंबर कशी आहे? ताईचा खोकला हटला का? आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत, मी तेवढा गोंधळलेला आहे.

ज्या खाणीत मी एकतीस वर्षं फरशीचा दगड फोडला, ती बंद करून सरकारनं राखीव केली आणि तिथेच मला पहारेकरी नेमलं, हे आपल्याला ठाऊकच आहे. पूर्वी दगड फुटला नाही की मुकादम ओरडायचा, आता फुटला की साहेब ओरडतात. परवा बुटात खडा गेला म्हणून काढून फेकला, तर तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "हा कुठल्या थरातला?" मी म्हटलं, "डाव्या पायातला." त्यांनी ते लिहून घेतलं. (का, ते मी विचारलं नाही. हल्ली मी काहीच विचारत नाही.)

खरा गोंधळ भिंगवाल्या बाईंचा. या बाई दगडांचा अभ्यास करतात आणि माझ्या वरिष्ठ आहेत. पहिल्याच दिवशी त्या भर उन्हात पालथ्या पडलेल्या दिसल्या. मला वाटलं, भोवळ आली. धावत जाऊन तांब्याभर पाणी डोक्यावर ओतलं, तर त्या दगडातला शिंपला बघत होत्या! मग ओल्या केसांनीच त्यांनी मला समजावलं, की इथे पूर्वी समुद्र होता. भाऊजी, त्याच खड्ड्यातून प्यायच्या पाण्यासाठी मी एकतीस वर्षं दोन-दोन मैल तंगडतोड केली. समुद्र गेला कुठे, विचारलं तर म्हणाल्या, "सावकाश गेला." पण बाई मनानं चांगल्या. मला 'मामा' म्हणतात आणि फाटकाची किल्ली विश्वासानं माझ्याकडे ठेवतात.

गेल्या सोमवारी त्यांना खाणीच्या भिंतीत मासा सापडला. दगडाचाच, पण खवलं मोजून घ्यावीत इतका स्वच्छ. फक्त तो शेपटीपासून पोटापर्यंतच होता. पुढे दगड सरळ कापलेला, आणि कापलेल्या कडेवर छिन्नीचे उलट्या बाजूचे घाव. ते पाहताच मी डावा हात पाठीमागे लपवला, कारण या खाणीत डावखुरा पाथरवट एकच होता. बाई म्हणाल्या, असा मासा आजवर कुणी पाहिलेला नाही, पण डोक्याशिवाय त्याचं कूळ ठरत नाही. "मामा, पुढचा तुकडा कुठे गेला असेल हो?" मी म्हटलं, "खडी झाली असणार." बाई मटकन खाली बसल्या आणि रडायलाच लागल्या. माशासाठी! तोही कधीच मेलेल्या! मला हसूही येईना आणि खरं सांगायला जीभही रेटेना. सांगावं तर राखणदारानंच माल हलवला असं होणार आणि नोकरी जाणार. (तेव्हा तो माल नव्हता, नुसता दगड होता. पण हे पटवू कुणाला?) तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. मी त्या बाईंना रडवलं, हे काही मनातून जात नाही.

बाकी क्षेम. ताईला सांगावं, काढा चुकवू नकोस.

आपला मेहुणा

ता. क. : ताईच्या लग्नात मी धुण्याचा दगड दिला होता, तो अजून न्हाणीघरात आहे ना? त्याच्या एका बाजूला काहीतरी खवल्याखवल्याचं होतं, म्हणून ती बाजू मीच खाली घालायला लावली होती. जरा उलटून बघावं. डोळा दिसला तर घाबरू नये.

आणखी ता. क. : दिसला तर गोणपाटात गुंडाळून टेम्पोनं पाठवावा. मी गुपचूप ढिगाऱ्यात ठेवीन, म्हणजे बाईंना आपोआप सापडेल. ताईला नवा दगड देईन. हे पत्र वाचून फाडून टाकावं.

नमस्कार. मी मामांच्या ऑफिसातली. पत्ता नीट अक्षरात घालून टपालात टाका, म्हणून मामांनी हे पाकीट उघडंच माझ्या हाती दिलं. वाचायला नको होतं, पण 'मासा' शब्द दिसला आणि राहवलं नाही. दगड जरूर पाठवा, गादीत गुंडाळून. मला कळलंय हे मामांना कळवू नका. ढिगाऱ्यात सापडला की मी आनंदानं किंचाळायची तयारी करते आहे.

— भिंगवाली (हे नाव आजच कळलं)