न प्यायलेली दारू

आबा,

तुमच्यावर राग काढायचा म्हणजे पंचाईतच. जिवंत होतात तेव्हाही समोरच्याचं ऐकता ऐकता घोरायला लागायचात. अंधार पडला की कापडे गावातल्या आपल्या घरात तुमची मान कललीच. शिमग्याची पालखी अंगणात नाचतेय आणि तुम्ही खांबाला टेकून गार! गाव म्हणायचं, "आज पण टाकून आलाय." अहो, थेंबालाही शिवला नव्हतात तुम्ही! कोंबड्याच्या आधी उठून शेतावर जाणारा दारुडा कुणी पाहिलाय? पण भांडायचं सोडून, मला स्थळं बघायला लागल्यावर तुम्ही गळ्यात वारकऱ्यांची माळ घातलीत. पोलादपूरच्या बाजारात लोक म्हणाले, सुधारला. न प्यायलेली दारू सुटली आणि जीव की प्राण असलेली सुकट मात्र खरोखरच सुटली. धन्य आहात!

आता मी पुण्याच्या प्रयोगशाळेत केळ्यावरची चिलटं पाळते. त्यांच्या पेशींत एक प्रथिन साठतं आणि विरतं, त्यावर त्यांचं झोपणं-उठणं चालतं. जनुकात एकच अक्षर बदललं की त्या प्रथिनाची घडी वेगळी बसते, ते लवकर विरतं आणि ते चिलट बाकीच्यांच्या आधीच पेंगायला लागतं. माणसांतही असं एखादं घराणं निघतं. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा तुम्हीच आठवलात आणि मला रडू आलं.

परवा गावी जाऊन आईला सांगितलं, आबा पीत नव्हते, त्यांच्या अंगातलं घड्याळच पुढे होतं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला काय ठाव नाय? माळ मीच घालायला लावली."

"अगं, पण का?"

"दारू एकट्याची असते गो, नि सुटते. रोग घराण्याचा. बाप सांजचा असा पडतो म्हटलं असतं, तर तुला कुणी करून घेतली असती?"

"आणि आबा काय म्हणाले?"

"म्हणाले, बरं."

बरं! जन्माची अब्रू गेली आणि तुमचं उत्तर काय, तर बरं! मी कपाळावर हात मारून घेतला. दोघांनी मिळून ठरवलंत, मला एका शब्दाने सांगितलं नाहीत. जनुकांवर शिकलेल्या पोरीपासून जनुकच लपवलंत, कमाल झाली तुमची.

चिडून लिहितेय खरी. पण हल्ली संध्याकाळी माझेही डोळे मिटतात. सासरी मी डोकं दुखतं म्हणून सांगते. प्रयोगशाळेतली मैत्रीण म्हणते, रक्त दे, लगेच कळेल. अजून दिलेलं नाही. तुमच्या नातीला स्थळं बघतोय, आबा.