सुमतीचा जुना कीबोर्ड

२९ सप्टेंबर १९९६, डोंबिवली

कान्हा येऊन गेला. डोकं फिरवून गेला. म्हणे, "बाबा, आईला टिटवाळ्याला नेतो. तुमच्याने होत नाही." माझ्याने होत नाही! ऑगस्टपासून तिला भरवतो कोण, अंग पुसतो कोण, कूस बदलतो कोण? ह्याचा बापच ना? टिटवाळ्याला नवीन ब्लॉक घेतला, एक खोली जास्त आहे, म्हणून आई हवी. आई म्हणजे काय सोफासेट आहे?

मी म्हटलं, तिलाच विचार. त्याने विचारलं, "आई, येतेस ना आमच्याकडे?" सुमतीने मान हलवली. हो. मग मी विचारलं, "सुमती, इथेच राहायचंय ना?" मान हलवली. हो. घ्या! लग्न झाल्यापासून हिचं हेच. सासू, नणंदा, ऑफिसचा साहेब, सगळ्यांना हो. अर्धांगाच्या झटक्यात जीभ गेली, उजवा हात गेला, मान तेवढी शिल्लक राहिली.

डॉक्टर म्हणतात डोकं पहिल्यासारखं आहे, सगळं कळतं, फक्त बोलता येत नाही. मग मी लिहून घेईन तिच्याकडून. कान्हाच्या नाकाखाली धरीन तो कागद — वाच म्हणावं!

३० सप्टेंबर

डाव्या हातात पेन दिलं. कागदावर गांडुळं. मग पाटीवर अआइई काढून दिली, म्हटलं अक्षरांवर बोट ठेव. पाटी ढकलून दिली. बरोबरच आहे, बालवाडीत आहे का ती? वीस वर्षं ठाण्याच्या ऑफिसात टायपिस्ट, त्यातली शेवटची दहा कॉम्प्युटरवर. पाटीचा मलाच एवढा राग आला की फोडली.

२ ऑक्टोबर

तळमजल्यावर आनंदचा कॉम्प्युटर क्लास आहे. त्याने एक मशीन वर आणून दिलं, चांगुलपणाने. पोरगा चांगला, फक्त बोलताना च्युइंगम चघळतो ते मला खपत नाही. पण कीबोर्ड नवा. बटणं लोण्यासारखी. सुमतीचा हात थरथरतो, नुसता टेकला तरी स्क्रीनभर के के के के. आनंद म्हणतो, "काका, ह्याच्याहून जड बटणांचा हल्ली मिळत नाही." हल्ली काहीच मिळत नाही!

मग आठवलं. माळ्यावर तिचा ऑफिसातला कीबोर्ड आहे. जुनी मशिनं भंगारात निघाली तेव्हा साहेबाला विचारून घरी आणलेला. मी तेव्हा ओरडलेलो, असला कचरा घरात कशाला म्हणून. उतरवला. पाट्यासारखा जड. बटण नीट दाबल्याशिवाय जात नाही, आणि गेलं की खट्ट वाजतं. सुमतीने त्यावर हात ठेवला. हात थरथरतोय, पण एकही बटण दबलं नाही. म्हटलं, जमलं.

कसलं जमलं! पिन बरोबर बसली, पाच काड्यांची, जुनी तशीच नवी. मशीन चालू केलं तर स्क्रीनवर इंग्रजीत — कीबोर्ड नाही, पुढे जायला एफ-वन दाबा. अरे गाढवा, कीबोर्ड नाही तर दाबू कशाने, कपाळाने?

५ ऑक्टोबर

कीबोर्ड पिशवीत घालून कल्याणला गेलेलो. पहिला दुकानदार म्हणाला फेकून द्या, नवा घ्या. दुसरा हसला. त्याला मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. तिसरा तानाजी, एका जिन्याखाली बसतो, टीव्हीपासून इस्त्रीपर्यंत सगळं उघडतो. त्याने कीबोर्ड उलटा करून पाहिला. "काहींना खाली बारीक खटका असतो काका, जुन्या मशीनला लावायचा की नव्या ते ठरवायला. ह्याला नाही." म्हणजे पिन तीच, पण कुठलं बटण दाबलं हे हा ज्या पद्धतीने कळवतो ती पद्धत नव्या मशीनला ठाऊकच नाही.

मी म्हटलं, ठाऊक होईल असं कर. म्हणाला, बटणं गेलेल्या एका नव्या कीबोर्डचं आतलं सर्किट काढून ह्याच्यात बसवतो, प्रत्येक बटणाच्या मागून वायर घ्यावी लागेल, वेळ लागेल. मी म्हटलं चार दिवस. तर म्हणतो, "काका, ओरडल्याने वायर लवकर चिकटत नाही." उद्धट मेला. पण ठेवून आलो.

९ ऑक्टोबर

कांता आलेली खडवलीहून, सुमतीची धाकटी बहीण. दिवसभर हिच्याजवळ बसली. केस विंचरले, नखं काढली. तोंडातून शब्द नाही. आजारी माणसाशी चार गोष्टी बोलाव्यात, जीव रमवावा! मी म्हटलं, "कांता, आता घरात दोन मुक्या झाल्या." तर मला म्हणते, "भाऊजी, ती दमते हो." कशाने दमते? पडून तर असते!

ती निघाली तेव्हा सुमती रडली. असले पाहुणे नकोत. येतात आणि रडवून जातात.

१७ ऑक्टोबर

आला! तानाजी स्वतः घेऊन आला, जोडला, मशीनने निमूट घेतला. सुमतीला खुर्चीत बसवलं. डाव्या हाताचं एक बोट. खट्ट. खट्ट. अक्षरं इंग्रजी, भाषा आपली. तानाजी आणि मी स्क्रीनला नाक लावून. आणि इतक्या दिवसांनी बायको पहिलं काय बोलते?

'चहात साखर नको.'

रोज दोन चमचे घालतोय मी! रोज विचारतोय, गोड झाला ना? रोज मान हलवतेय, हो! थुंकायचा ना मग! तानाजी हसायला लागला. त्याला जिन्यापर्यंत सोडला आणि बजावलं, कल्याणभर सांगत सुटू नको.

दसरा

घ्या, सणासुदीला शंख. पंचवीस वर्षं फॅक्टरीत दसऱ्याला बॉयलरची पूजा माझ्या हातची. आज घरात एवढं यंत्र आलंय, त्याला कोरडं ठेवायचं? हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता, झेंडू. वर पळीभर पाणी शिंपडलं. संध्याकाळी निम्मी बटणं ठप्प. बाकीची दाबली की वरच येत नाहीत. खाली जाऊन आनंदला झापला, तुझं मशीन असं कसं! तो वर आला, कीबोर्ड उलटा धरून हलवला. तांदूळ पडले.

२२ ऑक्टोबर

पुन्हा कल्याण. तानाजीने एकेक बटण उपटून कुंकू साफ केलं. "बॉयलरला चालतं काका, ह्याला भोकं असतात." आता हा मला बॉयलर शिकवणार. अडला हरी.

रविवारी कान्हाला बोलावलंय. फोनवर सांगितलं, "ये, आणि आईच्या हातचं वाच." म्हणाला, "बाबा, मी रिसीव्हर लांब धरलाय, तरी ऐकू येतंय." माझा आवाजच तसा आहे. बॉयलर हाऊसमध्ये हळू बोलून कोणाला ऐकू जातं?

सुमतीला समजावून ठेवलं काय लिहायचं ते. 'मी इथेच राहणार.' दोनदा म्हणून दाखवलं. तिने मान हलवली.

२७ ऑक्टोबर

कान्हा आणि सूनबाई आली. चप्पल काढायच्या आत सुरू — ब्लॉक हवेशीर आहे, लिफ्ट आहे. मी म्हटलं, तिला काय लिफ्टमध्ये राहायचंय? तो चढला, मी चढलो. सूनबाई मध्ये पडली, तिलाही ऐकवलं. सुमती खुर्चीत. मागे खट्ट, खट्ट चाललेलं, आमचं लक्ष नाही. शेवटी सूनबाई म्हणाली, "अहो, आई लिहितायत."

'दोघे बाहेर जा.'

गेलो. गॅलरीत मी आणि माझा मुलगा, शाळेत वर्गाबाहेर काढल्यासारखे. आत खट्ट वाजतंय, थांबतंय, परत वाजतंय. कान्हा हळूच म्हणाला, "टिटवाळाच लिहितेय." मी म्हटलं, "लाव पैज." पण मनात दुसरंच, इथे खोटं कशाला लिहू. ती नाही म्हणाली तर मी ह्या घरात काय करू? मग सूनबाईने हाक मारली.

'इथे नको. टिटवाळा नको. खडवली कांताकडे. तिथे कोणी ओरडत नाही.'

"इथे कोण ओरडतं!" मी म्हणालो. खाली आनंदच्या क्लासमधली पोरं गप्प झाली.

२८ ऑक्टोबर

कांता आली, कान्हाने गाडी आणली. पिशव्या खाली गेल्या. सुमतीला उचलायच्या आधी विचारलं, जमेल तेवढ्या हळू — मी येत जाऊ ना तिकडे? तिने मान हलवली नाही. कीबोर्डकडे बोट केलं. तशीच खुर्ची पुढे सरकवली. खाली गाडीवाला हॉर्न मारतोय, ती आपली एकेक बटण शोधतेय.

'रविवारी या. बोलू नका.'