आईने उकळलेल्या जबड्याबद्दल

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
प्राचीन डीएनए प्रयोगशाळा.

विषय: शेळीच्या जबड्याचा उरलेला अर्धा भाग शनिवारच्या आत नेण्याबाबत.
संदर्भ: आपले 'नमुना अपात्र' हे पत्र.

महोदय,

उकळलेल्या हाडातून सूप सोडून आणखी काही निघतं का? हा प्रश्न सरकारी अर्जात विचारायची माझी छाती नाही, अशी मैत्रिणींची पैज होती. ती मी जिंकले आहे. आता कामाचे.

१. आमच्या शेळ्यांच्या गोठ्यात कोबा करण्यासाठी खणताना अर्धा जबडा निघाला. आपल्या कार्यालयातील बाईंनी तो पाहिला. आपल्या भागात माणसाने पाळलेल्या अगदी पहिल्या शेळ्यांपैकी एकीचा तो असू शकेल आणि दातांत तिचा आजारही सापडू शकेल, असे त्या म्हणाल्या. आईने त्यातला 'आजार' एवढाच शब्द ऐकला. दुसऱ्या दिवशी बाई हातमोजे घालून डबा घेऊन आल्या, तेव्हा जबडा साबणाच्या पाण्यात उकळून, घासून, मोज्यांशेजारी वाळत होता.

२. आपल्या पत्रानुसार त्यात शेळीचा डीएनए उरलेला नाही, हल्लीच्या माणसाचा मात्र भरपूर आहे. "म्हणजे मी नीट घासलं नाही म्हणतात का?" असे आईने दोनदा विचारले. तरी तिच्या स्वच्छतेबद्दल दोन बरे शब्द कळवावेत.

३. दुसरा अर्धा भाग अजून मातीतच असून त्याला कोणाचाही हात लागलेला नाही. मात्र शनिवारी गवंडीकाका त्यावर कोबा घालणार. बाबा म्हणतात, "मेलेल्या शेळीपायी जिवंत शेळ्या किती दिवस उघड्यावर ठेवू?" त्यांचेही चुकत नाही. पण यंदा आमच्या दोन शेळ्या गाभडल्या, पिल्ले पोटातच गेली. त्यातली एक मी बाटलीने दूध पाजून वाढवलेली. तेव्हापासून ती हाक मारली तरी येत नाही, भिंतीकडे तोंड करून उभी राहते. गुरांचे डॉक्टर म्हणाले, हा रोग फार जुना. किती जुना, विचारले तर म्हणाले, "ते त्या जबड्यालाच विचार." मी तेच करते आहे.

तरी हातमोजेवाल्या बाईंना शनिवारपूर्वी पाठवावे, ही विनंती. आपल्याला उशीर झालाच तर काय, हे मी काल जेवताना घरी जाहीर केले आहे: "आई, बाबा, शनिवारी मी तोंडाला फडकं बांधून खड्ड्याच्या काठावर उभी राहणार. कोबा करायचाच तर माझ्या पायांवरून करा. आणि आई, तू पातेलं घेऊन यायचं नाहीस."

आपली नम्र,
खड्ड्याच्या मालकांची मुलगी,
इयत्ता दहावी

दि. १२ फेब्रुवारी

सोबत: जबड्याचा फोटो (उकळण्यापूर्वीचा).