बसनं उरल्याला

अनु,

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तू मला आई गेल्याचं सांगितलंस. डोक्याला मार लागल्यानं मी ते विसरलो आणि संध्याकाळी पुन्हा विचारलं, "तुझी आई काहून नाही आली?" तुला एकाच दिवशी दोनदा सांगावं लागलं. माफ कर, पोरी.

आजपासून बसनं उरल्याला, लोखंडाच्या कारखान्यात, पुन्हा कामावर जातो आहे. तुला उठवून सांगितलं असतं तर "पापा, अभी नहीं" म्हणत अडवलं असतंस. डॉक्टरांनी चार तासांची परवानगी दिली आहे. भट्टीजवळ जायचं नाही, गेटवर बसून ट्रकचे नंबर लिहायचे. चुकलो तर गेटवरचा सुशील म्हणेल, "हव भैया, फिर से देख लो." तू कॉलेजात गेलीस की घरात मला तेवढंही बोलणारं कोणी नसतं.

वरण केलं आहे. मीठ घातलं की नाही, आठवत नाही. चाखून बघ.

आईच्या अस्थी घेऊन मामा राजिमला संगमावर निघाले होते. मार लागल्यापासून मला गाडीत चक्कर येते, त्यांच्यासोबत जाता आलं नसतं, म्हणून मीच त्यांना थांबवलं. मला स्वतः जायचं आहे. आज बस सोसली तर रविवारी आपण दोघं जाऊ. अस्थींचं मडकं अजून अंगणातल्या निंबालाच टांगलेलं आहे.

बाबा