रिकाम्या जागांसकट

वराछा, सुरत
मंगळवार, १७ सप्टेंबर २०२४, सकाळचे साडेसहा

प्रिय दक्षाबेन,

दूध तापत ठेवून ओट्याशी उभ्यानेच हे लिहितो आहे. बसलो की पत्र अर्धवट टाकून उठायला काहीतरी निमित्त सापडतं, असं रविवारपासून दोनदा झालं.

काल तुझ्या दारापर्यंत येऊन परत उतरत होतो, तर जिन्यात वल्लभकुमार भेटले. हिऱ्याच्या कारखान्यातून दमून आले होते, तरी मेहुण्याची थट्टा करणं सुटलं नाही. म्हणाले, "काय साळेबुवा, दारातूनच परत? जा की वर. तुझी बेन माझ्याशी बोलत नाही, तुझ्याशी तरी बोलेल." मग हसत म्हणाले की मोबाइल चार्ज करायला त्यांनी कॉम्प्युटरचा प्लग ओढला आणि बारा वर्षांची डिझाइनं घालवली, हे तू अख्ख्या बिल्डिंगला ऐकवलं आहेस. "असेल बाबा माझीच चूक. तुम्ही शिकलेली माणसं सांगता म्हणजे खरंच असणार." दहावी नापास झालेल्या मला ते शिकलेला म्हणाले, आणि मी मान हलवली.

तू नवी डिस्क आणलीस आणि जुनीतलं सगळं तिच्यात उतरवून दे म्हणालीस, तेव्हा मला किती मोठं वाटलं होतं ते तुला ठाऊक नाही. भरतकामाच्या मशीनची तुझी डिझाइनं, त्यात नवरात्रीच्या चणियाचोळीच्या किनारी, कारखानदारांना पंचवीस तारखेपर्यंत द्यायच्या. विकतचं सॉफ्टवेअर घेऊ का, असं तू विचारलंस. मी म्हटलं, फुकटचं चांगलं मिळतं. त्यावर तू म्हणालीस, "फुकट मला आजवर सासूबाईंचा सल्लाच मिळालाय, जपून हं." मी खरंच जपून केलं, बेन. मी काम करतो त्या दुकानातल्या भंगार डिस्कवर तीन सॉफ्टवेअर चालवून पाहिली. पहिलं शेवटच्या बटणाला पैसे मागायचं. दुसरं फोटो, गाणी उचलायचं, पण ज्या डिस्कवर कॉम्प्युटर सुरू होतो ती उतरवायला नकार द्यायचं. तिसरं पूर्ण फुकट, पेनड्राइव्हवरून चालणारं, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. तेच निवडलं. त्याच्यात काही दोष नव्हता, हे मला आधी लिहायला हवं.

शनिवारी तू आत खमणला फोडणी देत होतीस. दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. पडद्यावर एकीला अ, दुसरीला ब. कुठून घ्यायचं आणि कुठे लिहायचं, हे मी उलटं दिलं. नवीन डिस्क कोरी होती, तेव्हा साधी कॉपी सांगितली असती तर उतरवण्यासारखं काही नाही म्हणून ते तिथेच थांबलं असतं. पण मी पडलो चोख. एक कणही सुटायला नको म्हणून रिकाम्या जागांसकट सगळं उतरव, असं सांगितलं. त्याने दोनदा विचारलं, नक्की का. मी दोनदा हो म्हटलं. नऊ टक्क्यांवर चूक दिसली आणि मी वायर उपटली. तोवर तुझ्या डिस्कचा पहिला भाग कोरा झाला होता.

तू ताटली घेऊन बाहेर आलीस. मी म्हणालो, डिस्क आतून गेलेली होती, वीज एकदम तुटली की असं होतं. त्यांनी मोबाइलसाठी प्लग ओढलेला आठवून तू तिथल्या तिथे वल्लभकुमारांकडे वळलीस. ते जी बोलणी खात उभे होते ती माझ्या वाट्याची होती, आणि मी खमण खात होतो. निघताना तू पाचशेची नोट खिशात कोंबलीस, म्हणालीस, मेहनत तर तू केलीस ना. ती नोट या पाकिटात आहे.

जिन्यात वल्लभकुमार आणखी एक बोलले, आणि त्यासाठी आज लिहावंच लागलं. आज संध्याकाळी कारखान्यातला मित्र आणून त्या जुन्या डिस्कवर सिनेमे भरून बघणार आहेत, चालली तर चालली म्हणून. बेन, तिला कुणाला हात लावू देऊ नकोस. उरलेले एक्क्याण्णव टक्के अजून तिच्यात असणार. तिच्यावर नवं काही लिहिलं गेलं की तेही गेले. दिल्ली गेटजवळ बुडालेला डेटा काढून देणारा एक जण आहे, त्याला काल सगळं खरं सांगितलं. तो म्हणतो, बरीचशी डिझाइनं निघतील, पण नावं येणार नाहीत. कुठली किनार कुणाची, ते तुलाच बघून ओळखावं लागेल. सॉफ्टवेअरला शून्य लागलं. या माणसाला दोन हजार दिले, सहा हजार द्यायचे आहेत, ते मी देईन.

हे तुझ्या दाराखालून सरकवून मी तुमच्या जिन्यातच बसतो. आधी वल्लभकुमारांना वाचून दाखव. मग डिस्क घेऊन तू ये, नाहीतर त्यांना पाठव.

तुझाच भाऊ,
केयूर